आधी जेवणाची वेळ, मग किलोमीटर : पथ्य सांभाळून लांबच्या बाइक दौऱ्याची आखणी

धूळवाट

नमस्कार मंडळी,

दहा-बारा दिवसांचा दौरा आखतोय. तीन बाइक, चार जण. मला सीलिएक आहे, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, थोडं पोटात गेलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि पुढचे दोन-तीन दिवस बाइकवर बसवत नाही. आमच्यातल्या दुसऱ्याला टाइप १ मधुमेह आहे, तो रोज इन्सुलिन घेतो. बाकी दोघांना सगळं चालतं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस चांगला महामार्ग, मग डोंगरातला फुटका रस्ता, खडी, बर्फाच्या पाण्याचे ओढे आणि शेवटी उंचावरच्या खिंडी. वरच्या भागात वस्ती फार विरळ.

आजवर आम्ही अंतर मोजून मुक्काम ठरवायचो आणि जेवण वाटेत कुठेतरी उरकायचो. या वेळी आखणी उलट्या बाजूने सुरू केली आहे. आधी दिवसभराच्या खाण्याच्या वेळा लिहायच्या, मग दोन खाण्यांच्या मधे जेवढा रस्ता बसेल तेवढाच घ्यायचा. दोन तासांत महामार्गावर सव्वाशे किलोमीटर सहज होतात, तेच खडीवर पस्तीस-चाळीस झाले तरी खूप. पोटाला आणि इन्सुलिनला मात्र तेवढेच दोन तास लागलेले असतात. त्यामुळे 'रोज अडीचशे किलोमीटर' असा सरसकट आकडा आमच्या कामाचा नाही.

तीन गोष्टींवर तुमचा अनुभव हवा आहे. इन्सुलिन बाइकवर नेमकं कुठे ठेवायचं? बरोबर किती खाणं न्यायचं आणि त्या वजनाचं काय करायचं? आणि पहाटे निघावं लागलं तर नाश्त्याची सोय कशी लावायची?

खडीवाट

तुमची दिशा योग्य आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रस्ता आणि जेवण यांची खरी गाठ तिथेच पडते.

बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांना पहाटे सगळ्यात कमी पाणी असतं. ऊन तापलं की वर बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तोच ओढा गुडघ्याच्या वर चढतो. उघड्या माळावर आणि खिंडीत वाराही बहुधा दुपारनंतरच वाढतो. म्हणजे अवघड तुकडा सकाळी लवकर काढणं भाग आहे. पण पहाटे पाचला कुठलंही स्वयंपाकघर उघडं नसतं. ज्याला काहीही चालतं तो बिस्किटं चघळत तीन तास काढेल. तुम्हाला ते जमणार नाही, आणि इन्सुलिनवाल्याने तर ते करूच नये. तेव्हा ज्या ज्या दिवशी ओढा किंवा खिंड आहे त्या दिवशीचा नाश्ता आदल्या रात्रीच तयार असला पाहिजे. मुक्काम निवडताना मी खोली कशी आहे हे नंतर बघतो, आधी विचारतो की रात्री चूल वापरू द्याल का, निदान उकळतं पाणी तरी मिळेल का.

वेळेच्या अंदाजाबद्दल. नकाशा दाखवतो ती वेळ बहुधा चारचाकीची असते आणि त्यात थांबे धरलेले नसतात. मी प्रत्येक तुकड्यासाठी रस्त्याचा पृष्ठभाग वेगळा लिहितो : पक्का, फुटका, खडी, चिखल. फुटक्या डोंगरी रस्त्याला ताशी पंचवीसच्या वर सरासरी धरत नाही. खडीवर उभं राहून चालवावं लागतं, मांड्या आणि खांदे भरून येतात, भूक लवकर लागते. महामार्गावर दोन तासांनी थांबत असाल तर खडीवर तासा-सव्वा तासाने थांबा आणि दर थांब्याला थोडं तरी खा. भुकेलेला माणूस खडीवर पुढच्या चाकाच्या अगदी समोर बघायला लागतो, नजर लांब ठेवायचं विसरतो. तिथून पडझड सुरू होते. मागे बसलेल्याला चालवणाऱ्याची मान खाली गेलेली दिसली, की थांबायची वेळ झाली असं समजा.

भरपेट जेवणानंतर लगेच अवघड तुकडा नको. दुपारी दोन ते चार शरीराला तशीही सुस्ती येते. मोठं जेवण संध्याकाळी मुक्कामावर ठेवा आणि दिवसा थोडं थोडं खा.

शिदोरी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि सीलिएक असलेल्या बऱ्याच जणांबरोबर काम करते. धूळवाट, तुम्हाला बरंचसं माहीत असेल, पण बरोबरच्या तिघांनीही हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणजे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. एवढीशी मर्यादा आहे, म्हणजे पदार्थात गहू नसणं पुरेसं नाही, तो कुठे आणि कशात शिजला तेही बघावं लागतं. ज्या तव्यावर दिवसभर कणकेचं काही भाजलं जातं त्याच तव्यावरचं अंडं तुमच्यासाठी नाही. ज्या तेलात पिठात बुडवलेले पदार्थ तळले त्याच तेलातला बटाटा नाही. पास्ता उकळलेल्या पाण्यात वाफवलेली भाजीसुद्धा नाही. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट जवापासून होतं, सूपच्या वड्यांत आणि घट्ट रश्शांत पीठ असू शकतं. ओट्समध्ये मुळात गहू नसला तरी शेतात आणि गिरणीत मिसळतो, त्यामुळे ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच घ्या. तेही थोड्या जणांना सोसत नाहीत, म्हणून दौऱ्यावर पहिल्यांदा खाऊन बघू नका.

अनोळखी स्वयंपाकघरात 'हे ग्लुटेनमुक्त आहे का?' असं विचारून उपयोग होत नाही. समोरचा माणूस चांगुलपणाने 'हो' म्हणतो. प्रश्न वस्तूचे विचारा : यात कोणतं पीठ घातलंय, कोणत्या भांड्यात केलंय, झारा तोच आहे का. त्या भागातल्या भाषेत एक कार्ड छापून घ्या, त्यावर न चालणाऱ्या धान्यांची चित्रं असू द्या आणि 'हे खाल्लं तर मी आजारी पडतो' हे वाक्य सगळ्यात वर. 'मी हे खात नाही' असं लिहिलं की लोक त्याला आवड समजतात आणि बाजूला काढून वाढतात.

आणि जिथे काहीच खात्री नाही तिथे साल किंवा टरफल असलेलं खाणं निवडा. टरफलासकट उकडलेलं अंडं, सालीसकट उकडलेला किंवा निखाऱ्यात भाजलेला बटाटा, केळं, संत्रं, शेंगा. वरचं आवरण तुम्ही स्वतःच्या धुतलेल्या हाताने काढता, त्यामुळे आतलं शुद्ध राहतं. जगाच्या पाठीवर कुठेही यातलं काही ना काही मिळतंच. बरोबर एक छोटं झाकणाचं पातेलं आणि स्वतःचा चमचा ठेवा. दुसऱ्याची चूल चालते, भांडं चालत नाही.

डबलसीट

+१ पातेल्याला. शिवाय अॅल्युमिनियम फॉइलची गुंडाळी ठेवा. दुसऱ्याच्या तव्यावर फॉइल पसरून त्यावर अंडं करता येतं.

टायरप्रेशर

वजनाचं बोलतो, कारण 'सगळं बरोबर नेऊ' असं ठरवून लोक मागचा डबा भरतात आणि मग खडीवर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं.

प्रत्येक बाइकच्या पुस्तिकेत कमाल भार दिलेला असतो. त्यात चालवणारा, मागे बसणारा, सामान, पेट्या, हेल्मेट-जॅकेट सगळं आलं. दोन माणसं बसली की सामानाला फारच थोडी जागा उरते. म्हणून खाण्याचं ओझं डबलसीट बाइकवर टाकू नका, एकट्या चालवणाऱ्यांवर वाटा. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे बाजूच्या पेट्यांच्या तळाशी, आसनाच्या जवळ. मागच्या उंच डब्यात फक्त हलकं आणि फुगीर. त्या डब्यावरही भारमर्यादा छापलेली असते, ती वाचा.

खाणं मात्र तुम्हाला वाटतं तेवढं जड नाही. कोरड्या धान्यातून ग्रॅममागे साधारण साडेतीन कॅलरी मिळतात, शेंगदाण्यातून साडेपाचच्या वर. म्हणजे एका माणसाचा एक दिवस सहाशे-सातशे ग्रॅम कोरड्या खाण्यात निघतो. दोन दिवसांचा राखीव साठा सव्वा-दीड किलोत बसतो. खरं वजन पाण्याचं असतं, लिटरला किलो. त्यामुळे तयार, ओलं, डबाबंद अन्न नेऊ नका. डब्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि तुम्ही ते पाणी डोंगर चढवता. तांदूळ, तांदळाचे पोहे, डाळीचं पीठ असं कोरडं घ्या. पोह्यांना तर चूलही लागत नाही, गरम पाण्यात भिजले की झालं.

सामान भरल्यावर टायरमधली हवा थंड टायरवर तपासा आणि पुस्तिकेतल्या भारासहितच्या आकड्याला आणा. खडीवर थोडी कमी करणार असाल तर परत पक्का रस्ता लागला की भरायची सोय हवी. पंप न्या. कमी हवेच्या टायरने भरलेली बाइक महामार्गावर पळवली की टायर तापतो.

आणखी एक, हे फार कमी जण सांगतात. जादा पेट्रोलची बाटली आणि खाणं एका पेटीत कधीही ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी उन्हात पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून धान्यात शिरते. मग ते धान्य शिजवा, धुवा, काही करा, वास जात नाही. तुमच्यासारख्याकडे बदली खाणं नसताना हे परवडणार नाही. खाणं एका बाजूला, पेट्रोल, चेनचं तेल आणि हत्यारं दुसऱ्या बाजूला.

कंपनांचाही विचार करा. दिवसभर खडखडाट झाला की पातळ पत्र्याचे डबे एकमेकांना घासून भोक पडतं, बिस्किटांचं पीठ होतं, स्क्रूचं झाकण आपोआप सैल पडतं. खाण्याचा प्रत्येक पुडा कपड्यात गुंडाळून, दाबून बसवा. पेटीत हलायला जागाच ठेवू नका.

गोडाचीवेळ

मला टाइप १ आहे आणि मी लांबचे दौरे करतो. धूळवाट, तुमच्या मित्रासाठी लिहितो. त्याने निघायच्या आधी त्याच्या डॉक्टरांशी मात्रांबद्दल बोलावंच, मी फक्त बाइकवरचं सांगतो.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, नेमकं त्याच्या माहितीपत्रकात बघा. गोठलेलं इन्सुलिन मात्र फेकायचं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी. आता बाइकवर जागा शोधा. टाकीवरची बॅग उन्हात असते आणि खालून इंजिनाची धग लागते. सीटखाली एक्झॉस्टची. जॅकेटच्या आतल्या खिशात शरीराची ऊब. म्हणजे गरम प्रदेशात या तिन्ही जागा बाद. उरते ती एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूच्या पेटीतली मधली जागा, कपड्यांच्या थरात, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये. थर्मासमध्ये बर्फ किंवा गोठवलेला जेलचा पुडा घातला तर इन्सुलिनला तो थेट चिकटता कामा नये, मधे कापड हवं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्याही चांगल्या, पण त्या बाष्पीभवनावर चालतात. कोरड्या हवेत उत्तम, दमट हवेत जवळजवळ निरुपयोगी. बंद पेटीत टाकल्या तरी काम करत नाहीत, त्यांना वारा लागतो.

वर खिंडीत गेलात की हे सगळं उलटं होतं. तिथे भीती गोठण्याची. मग तोच आतला खिसा सगळ्यात चांगला, आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर. तुमच्या दौऱ्यात दोन्ही हवामानं आहेत, तेव्हा कोणत्या दिवशी जागा बदलायची हेही आखणीत लिहा. पेनला सुई लावून ठेवू नका. उंची बदलली की हवेचा दाब बदलतो आणि आत बुडबुडे येतात.

साखर उतरली तर. ग्लुकोजच्या गोळ्या डाव्या खिशात, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. हातमोजे घालून उघडतील अशा डबीत. घरी हातमोजे घालून उघडून बघा, बऱ्याच डब्या उघडत नाहीत. साखर ७० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तात) खाली गेली की बाइक बाजूला, किल्ली बंद, १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. आकडा वर आला म्हणून लगेच निघायचं नाही. ब्रिटनच्या वाहनपरवाना खात्याचा नियम असा आहे की साखर सामान्य झाल्यावर आणखी ४५ मिनिटं गाडी चालवायची नाही, कारण मेंदू उशिरा भानावर येतो. प्रवासात दर दोन तासांनी तपासणी आणि ९० च्या आसपास किंवा खाली असेल तर निघण्याआधी खाणं, हेही त्यातच आहे. मी कुठेही असलो तरी हाच नियम पाळतो. चारचाकीत झोक गेला तर पट्टीबाहेर जाल, दुचाकीवर सरळ खाली.

तपासण्याआधी बोट धुवा किंवा ओल्या कापडाने नीट पुसा. केळं सोलून त्याच बोटाला सुई मारली तर फळाची साखर तपासणीच्या पट्टीवर येते आणि ६५ च्या जागी १५० दिसू शकतं. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर जॅकेटच्या कोपर-खांद्याचं पॅड त्यावर दाबलं जात नाही ना ते बघा. दाबामुळे तो खोटा कमी आकडा दाखवतो. शिवाय सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागेच असतो. खडीवर दोन तास झुंजल्यावर साखर वेगाने उतरत असते, तेव्हा बोटाची तपासणी करा.

त्या मेहनतीचा परिणाम रात्रीही राहतो, पहाटे साखर उतरू शकते. खडीच्या दिवशी झोपताना काहीतरी खाल्लेलं बरं, आणि उशाशी ग्लुकोज.

सरळसोट

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. एवढी आखणी केली तर दौऱ्यातला मोकळेपणा राहतो कुठे? वाटेत दिसलेल्या फाट्यावर वळावं, गावात थांबावं, कुणी आग्रह केला तर त्यांच्या घरी जेवावं. मला तर याचसाठी निघावंसं वाटतं. तुकडा न् तुकडा तासात बांधला तर ते सगळं गेलं.

शिदोरी

सरळसोट, मोकळेपणा मलाही हवाच आहे. पण ज्याच्या पेटीत दोन दिवसांचं खाणं आहे तोच अनोळखी फाट्यावर निवांत वळू शकतो. पथ्य असलेल्या माणसाकडे राखीव काही नसेल तर त्याला अंधार पडायच्या आत ओळखीच्या स्वयंपाकघरापाशी पोचावंच लागतं, मग वाटेत कितीही सुंदर गाव लागो.

आग्रहाच्या जेवणाचं खरं आहे, ते नाकारताना फार जीवावर येतं. तिथे कार्ड दाखवा, आणि आपल्या साठ्यातलं काहीतरी त्यांच्याबरोबर बसून खा. चहा किंवा फळ घ्या. बरोबरच्या तिघांनी मात्र मनापासून जेवावं, म्हणजे यजमानांना वाईट वाटत नाही.

खडीवाट

सहमत. राखीव साठ्याबद्दल एक नियम मात्र कडक ठेवा. तो साठा पथ्यवाल्याचा आहे, बाकी दोघांनी भूक लागली म्हणून त्याला हात लावायचा नाही. दरड कोसळून रस्ता बंद झाला की रांगेत अडकलेल्या सगळ्यांना कुठून ना कुठून काहीतरी मिळतं, ज्याला गहू चालत नाही त्याला नाही.

दाणेनकोत

माझ्या मुलीला शेंगदाणा आणि काजू-बदामासारख्या सुक्या मेव्याची तीव्र अॅलर्जी आहे आणि ती आता माझ्याबरोबर मागे बसून येते. वर शेंगदाण्याची शिफारस आली म्हणून लिहिते. गटात अशी अॅलर्जी कुणालाही असेल तर दाणे अख्ख्या गटाने घरी ठेवायचे. हातमोज्यांना लागलेला चुरासुद्धा पाण्याच्या बाटलीवर येतो.

आमचा रस्त्यासाठीचा नियम एकच आहे : रुग्णालय लांब असताना नवीन पदार्थ नाही. आखणी करताना मी प्रत्येक मुक्कामापासून आणि प्रत्येक मधल्या तुकड्यापासून जवळचं रुग्णालय किती वेळावर आहे ते लिहिते. अंतर लिहून उपयोग नाही, वेळच लिहायची, त्या रस्त्याच्या अवस्थेप्रमाणे. जवळ असेल तिथे ती चौकशी करून हॉटेलात खाते. त्यापलीकडे फक्त आमच्या डब्यातलं. यामुळे तिला प्रत्येक घासाला घाबरावं लागत नाही, कुठे खायचं आणि कुठे नाही हे सकाळीच ठरलेलं असतं.

अॅड्रेनलिनची दोन पेनं (अॅलर्जी उसळली तर द्यायची तातडीची इंजेक्शनं) बरोबर असतात आणि तिच्या अंगावर असतात, बाइकच्या पेटीत नाही. बाइक दुरुस्तीला गेली किंवा माणूस दुसऱ्या बाइकवर बसला तर औषध लांब राहायला नको. तीही उन्हात तापू द्यायची नाहीत आणि फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत. आता बाइकवाल्यांनी मुद्दाम लक्षात घ्यायची गोष्ट. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध द्यायचं असतं आणि साध्या कपड्यावरून देता येतं. रायडिंगच्या पँटला तिथे जाड अस्तर, खिसा, कधी पॅड असतं. आम्ही तिच्या पँटला मांडीच्या बाहेरून लांब चेन (झिप) बसवून घेतली आहे, ती ओढली की खाली पातळ कापडच राहतं. गटातल्या प्रत्येकाला ती चेन कुठे आहे आणि सराव-पेन कसं धरायचं ते निघायच्या आधी दाखवतो. इंजेक्शननंतर तिला आडवं झोपवायचं, पाय उंच, उभं करायचं नाही. श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्यायचं. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन. आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. त्या अवस्थेत तिला बाइकवर मागे बसवून न्यायचं नाही, चारचाकी थांबवायची.

डबलसीट

चेनची कल्पना फार उपयोगी आहे. उद्याच शिंप्याकडे जाते.

मागे बसणाऱ्यांच्या वतीने एक. चालवणाऱ्याला स्वतःची साखर उतरतेय किंवा उन्हाने डोकं भणभणतंय हे बहुतेक वेळा शेवटी कळतं, मागे बसलेल्याला आधी कळतं. गिअर उशिरा पडतो, वळणावर आत-बाहेर होतं, बोललं तर एका शब्दात उत्तर येतं. इन्सुलिनवाला एकटा चालवत असेल तर त्याच्या मागे जाणाऱ्याने हे बघायचं. आमच्यात खूण ठरलेली आहे, दोनदा हेडलाइट म्हणजे 'थांब आणि खा', वाद न घालता.

पाण्याचं पण लिहा कुणीतरी. जॅकेट-पँट काढायचा कंटाळा म्हणून लोक पाणीच कमी पितात, विशेषतः बायका.

गोडाचीवेळ

पाण्याबद्दल. हवा अंगाच्या तापमानापेक्षा गरम झाली की जाळीच्या जॅकेटमधून येणारा वारा गारवा देत नाही, भट्टीसारखा सुकवतो. घाम लगेच उडून जातो, म्हणून आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. अशा वेळी जॅकेट बंद ठेवा, आतला शर्ट ओला करा आणि ठरावीक वेळाने प्या. पाठीवरची नळीची पिशवी असेल तर थांबायचीही गरज पडत नाही. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडतंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातल्या क्षार-साखरेच्या पुड्या जरूर न्या. त्या एक लिटर पाण्यात एक पुडी अशाच प्यायच्या, अर्ध्या लिटरात घट्ट करून नाही. मधुमेह असलेल्याने हे लक्षात ठेवावं की त्या लिटरात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, ते हिशेबात धरायचं. पोट बिघडून जेवण बंद झालं तरी मूळचं (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. उलट्या होत असतील तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायचे आणि त्या दिवशी बाइकला हात लावायचा नाही.

उंचावरचा

उंचीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. ४,५०० मीटरवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ, राजमा, अख्खं धान्य तिथे तासन्‌तास शिजत नाही, इंधन संपतं. वर फक्त पोहे, पातळ पिठाची लापशी, आधी शिजवून वाळवलेला भात असं न्या. धूळवाट, तुमचं ग्लुटेनमुक्त खाणं बहुतेक तांदळाचंच असणार, तेव्हा हे आधीच वाळवून ठेवा. हवाबंद पुडे वर फुगतात आणि फुटतात. निघताना सुईने बारीक भोक पाडा आणि मग दुसऱ्या पिशवीत घाला. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. बाइकवाल्यांना हे जड जातं, कारण थ्रॉटल पिळला की दीड हजार मीटर सकाळभरात चढून होतात. पायी चालणाऱ्याला त्याचे पायच अडवतात, आपल्याला आखणीनेच अडवावं लागतं.

तुमच्या मित्रासाठी दोन धोके. विरळ हवेचा त्रास आणि साखर उतरणं यांची लक्षणं सारखी दिसतात : डोकं दुखणं, मळमळ, थकवा, चिडचिड. वर गेल्यावर कुणी 'उंचीने होतंय' म्हणाला तरी आधी साखर तपासा, मग निदान करा. दुसरं, वर भूक मरते. इन्सुलिन घेऊन झालं आणि ताट समोर आल्यावर दोन घासांत मळमळायला लागलं, तर पंचाईत होते. जेवल्यानंतर घ्यायचं चालेल का हे त्याने डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं. बोटाने तपासायचं यंत्रही कडाक्याच्या थंडीत चालत नाही, ते आणि त्याच्या पट्ट्या आतल्या खिशात. उंचीवर काही यंत्रांचे आकडे चुकतात, तुमच्या यंत्राची उंचीची मर्यादा पुस्तिकेत असते.

धूळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौघं बसलो आणि ओढ्याच्या दिवसाची आखणी नव्याने केली. कुठे चुकत असेल तर सांगा.

आदल्या रात्रीचा मुक्काम ओढ्याच्या अलीकडे तासाभरावर, जिथे चूल मिळेल असं फोन करून विचारून ठेवलंय. रात्री माझ्या पातेल्यात भात आणि अंडी, त्यातलीच टरफलासकट चार अंडी सकाळसाठी. पहाटे साडेचारला उठणे, तपासणी, इन्सुलिन, सगळ्यांनी एकत्र खाणे. सव्वापाचला, उजाडल्याबरोबर, निघणे. ओढ्याच्या काठी पुन्हा तपासणी आणि ९० च्या वर असेल तरच पाण्यात उतरणे. पलीकडे गेल्यावर बूट-मोजे बदलताना दुसरं खाणं. मग खडीचा पट्टा, त्याचे चार तुकडे, दर तुकड्याच्या शेवटी काहीतरी खायचं. दुपारी दीडच्या आत मुक्काम. पूर्वीच्या आखणीत याच दिवशी खिंड ओलांडून खाली उतरायचं होतं, ते काढून टाकलं. खिंड दुसऱ्या दिवशी पहाटे. त्यामुळे दौरा एका दिवसाने वाढतोय, आणि परतीच्या वाटेवरचा एक लांबचा फाटा आम्ही सोडून दिला.

इन्सुलिन महामार्गाच्या दिवसांत डाव्या पेटीत थर्मासमध्ये, या मुक्कामापासून पुढे आतल्या खिशात. माझा दोन दिवसांचा राखीव साठा माझ्या बाइकवर, पेट्रोल आणि हत्यारं दुसऱ्या बाइकवर.

गोडाचीवेळ

आखणी चांगली आहे. एकच बदल. इन्सुलिन, सुया, पट्ट्या आणि ग्लुकोज यांचे दोन सारखे संच करा आणि दुसरा संच दुसऱ्या बाइकवर ठेवा. ओढ्यात एक बाइक आडवी झाली तर तिची पेटी पाण्याखाली जाते. डॉक्टरांची चिठ्ठीही दोन्हीकडे.

शिदोरी

धूळवाट, तुमच्या राखीव साठ्यालाही तेच लागू. एक दिवसाचा तुमच्याकडे, एक दिवसाचा दुसऱ्या एकट्या चालवणाऱ्याकडे. त्याच्या पेटीत तो वेगळ्या रंगाच्या पिशवीत बांधा, म्हणजे त्याच्या बिस्किटांचा चुरा त्यात जाणार नाही.

धूळवाट

दोन्ही बदल केले. पिशवी लाल घेतलीये, पेट्रोलची बाटली त्याच बाइकच्या दुसऱ्या पेटीत.